लग्नाचं शूटिंग करता आणि हे गाणं?

माझा फोन वाजला की समोरचा माणूस पियानोचे सुरुवातीचे सूर ऐकतो आणि विचारतो, "कुठलं वो गाणं?" मी नाव सांगतो, 'नोव्हेंबर रेन', गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडचं. विचारणारा बहुतेक वेळा मुलीचा मामा असतो, ॲडव्हान्स द्यायला आलेला. तारीख पक्की करायला तो पुन्हा येतो तेव्हा गाणं बघून आलेला असतो आणि चेहरा उतरलेला असतो. "तुम्ही लग्नाचं शूटिंग करता की वो. मग असलं गाणं कसं? त्यात नवरी मरते!"

सांगली-मिरज भागात 24 वर्षं हा धंदा करतोय. इतक्या मामांना तोंडी उत्तर देऊन झालं, आता लिहूनच टाकतो.

1993 साली आमच्या गल्लीत एकाच घरी केबल होती. एमटीव्ही तेव्हा स्टारच्या डिशवरून यायचा. मी नववीत होतो. इंग्रजी गाण्यातला एक शब्द पदरात पडायचा नाही, त्यामुळे नुसतं चित्र बघायचो. लांब केसांचा एक माणूस गोळ्या खाऊन झोपतो. मग पियानो, मोठं नाट्यगृह, वाद्यवृंद. मग चर्चमध्ये लग्न. मग पाऊस. मग त्याच नवरीची शवपेटी. जवळजवळ नऊ मिनिटं आम्ही चार पोरं शेजाऱ्यांच्या सतरंजीवर बसून होतो आणि शेवटी एकानं विचारलं, "पण ती मेली कशानं?" शेजारच्या काकांनी टीव्ही बंद केला आणि अभ्यासाला जा म्हणाले.

मी तेव्हा डोक्यात धरलं ते वेगळंच. लग्नात नवऱ्याच्या बाजूला उभा असलेला गिटारवाला स्लॅश खिसे चाचपतो, अंगठी सापडत नाही. बास वाजवणारा डफ मॅकेगन आपल्याकडची अंगठी काढून देतो. मग स्लॅश सरळ चर्चबाहेर चालत जातो. आतून एवढं भव्य असलेलं चर्च बाहेरून इवलंसं, पांढरं, चहूकडे माळरान आणि धूळ. तिथं पाय फाकवून तो सोलो वाजवतो आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून त्याच्याभोवती फिरतो. आतलं चर्च लॉस एंजेलिसचं, बाहेरचं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातलं, हे खूप नंतर कळलं. गिटारला वायर नाही, ॲम्प्लिफायर नाही, तरी आवाज आभाळभर. खोटं आहे हे नववीतल्या पोरालाही कळत होतं, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. आज तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात ड्रोन उडतो, माझाही उडतो. त्या शॉटच्या जवळपास जाणारा एकही शॉट मला अजून मिळालेला नाही. आमचा ड्रोन मांडवाचं पत्र्याचं छप्पर दाखवतो.

गाणं 1991च्या 'यूज युअर इल्यूजन 1' या अल्बममधलं. सिंगल म्हणून ते 1992 साली आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. व्हिडिओ अँडी मोराहाननं दिग्दर्शित केला. नवरी झालेली स्टेफनी सीमोर ही मॉडेल तेव्हा नवरदेव झालेल्या गायक ॲक्सल रोझची खरीखुरी प्रेयसी होती. लग्न फक्त पडद्यावर झालं, पुढच्याच वर्षी दोघं वेगळे झाले. 2018 साली यूट्यूबवर या व्हिडिओनं 100 कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला, नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओंमध्ये सगळ्यात आधी. त्यात माझे किती, ते बायकोला विचारा.

आणखी एक गंमत. पडद्यावर व्हायोलिनवाल्यांचा एवढा ताफा दिसतो, पण मूळ रेकॉर्डवरची तंतुवाद्यं सिंथेसायझरवर काढलेली आहेत. खरा, 50 जणांचा वाद्यवृंद मिळायला 2022ची नवी आवृत्ती यावी लागली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आम्हीही वरातीत नाचणारे दाखवतो ते भलत्याच गाण्यावर. प्रत्यक्षात तिथं बेंजो वाजत असतो.

आता नवरीचं. व्हिडिओच्या शेवटी लिहिलंय की तो डेल जेम्सच्या 'विदाउट यू' या कथेवर बेतला आहे. डेल जेम्स ॲक्सलचा मित्र. त्या कथेत रॉकस्टारची प्रेयसी स्वतःवर गोळी झाडून घेते. व्हिडिओत शवपेटीतला तिचा निम्मा चेहरा आरशाआड आहे, त्यावरून चाहते तोच अर्थ लावतात. पण व्हिडिओत ते कुठंच सांगितलेलं नाही. खुद्द स्लॅशनं मुलाखतीत कबूल केलंय की ती कशानं मेली याचा त्याला पत्ता नाही. माणूस त्याच लग्नात अंगठी शोधत उभा होता!

माझ्या मते सगळी करामत या न सांगण्यातच आहे, आणि हे मी एडिटिंग टेबलावर बसणारा माणूस म्हणून सांगतो. शेवटच्या दोन मिनिटांत गाणं अचानक वळतं, पियानो घणासारखा पडायला लागतो आणि त्याच ठोक्यावर बाहेरच्या जेवणावळीत पाऊस येतो. पाहुणे पळतात, एक जण थेट केकवर झेप घेतो, टेबलावर लाल वाइन सांडते. आणि पुढं एकदम अंत्यविधी. मधला काळ गायब. एक दिवस गेला की दहा वर्षं, कळत नाही. नवरीनं फेकलेला गुच्छ हवेत उडतो आणि उतरतो तो शवपेटीवर. माझ्या धंद्यात असं काही गाळायची सोय नाही. अंतरपाट, अक्षता, सप्तपदी, कानपिळी, पंगत, पाठवणी, सगळं ओळीनं, आणि एका आत्याचा चेहरा सुटला तरी पेमेंट अडतं.

तासगावकडं एका लग्नात ऐन नोव्हेंबरात पाऊस आला. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, मुहूर्ताची पहिलीच तारीख. आमच्याकडं नोव्हेंबरचा पाऊस म्हणजे प्रेमबीम काही नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली असते, बाग फुलोऱ्यात येत असते आणि दावण्या रोगाच्या भीतीनं बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. मंडप गळायला लागला. बायका जिलबीची ताटं पदराखाली घेऊन धावल्या, भटजींनी पोथी सदऱ्यात घातली. निम्मे पुरुष अक्षता टाकायच्या आधीच बागेकडं निघाले, फवारणीसाठी, त्यात मुलीचे वडीलही. पाच मिनिटांनी ते चिखलानं भरलेल्या पायांनी परत आले आणि तसेच उभे राहिले. मी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि सगळं घेतलं. एवढं चांगलं शूटिंग मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

सीडी द्यायला गेलो तर मुलीची आई म्हणाली, "ते पावसाचं काढून टाका. अशुभ दिसतंय." काढलं. पैसे त्यांचे, लग्न त्यांचं. पण ती पाच मिनिटं माझ्या हार्डडिस्कवर आहेत आणि त्याखाली हे गाणं लावून ठेवलंय. मुलगी मजेत आहे, दोन पोरं आहेत, मोठ्याच्या मुंजीचं शूटिंगही मीच केलं.

तर मामा, नवरी मरते म्हणून ते गाणं मी ठेवलेलं नाही. लग्नाचा कॅमेरा काय काय करू शकतो ते मला पहिल्यांदा तिथं दिसलं, एवढंच.

गेल्या वर्षी आईनंही मागं लागून तो व्हिडिओ बघितला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून, पूर्ण. मी थांबलो होतो, आता ती विचारणार कशानं मेली म्हणून. ती म्हणाली, "अंगठी सापडंना तेव्हाच मला शंका आली होती. आणि ती पोरगी लहानपणी कढईत जेवलेली असणार. नाहीतर लग्नात एवढा पाऊस येतोय होय?"