तुम्ही विचारलंत म्हणून: शिधा द्यावा की काम?

नाट्यइतिहासावर बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. कलावंतांचे हाल झाले तर सरकारने त्यांना शिधा द्यावा, चार पैसे द्यावेत. कराच्या पैशांतून नाटकं कशाला करायची? मार्च २०२० मध्ये आपली नाट्यगृहं बंद झाली, नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशावर जगणारे रंगमंच कामगार घरी बसले, तेव्हापासून तर हा प्रश्न फारच ऐकते. माझं उत्तर अमेरिकेतल्या १९३५ सालापासून सुरू होतं, कारण तिथे हे देशभर करून झालेलं आहे.

महामंदी होतीच, त्यात बोलपटांनी नाटकवाल्यांच्या पोटावर पाय दिला होता. (आपल्या संगीत नाटक मंडळ्याही त्याच दशकात बोलपटांपुढे एकेक करून मोडत होत्या.) रूझवेल्ट सरकारच्या रोजगार योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं म्हणणं सरळ होतं: नटालाही इतरांसारखंच पोट असतं. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या मजुरांसाठीच्या योजनेतच त्यांनी रंगकर्मींना घेतलं आणि फेडरल थिएटर प्रोजेक्ट नावाच्या या सरकारी नाट्यप्रकल्पाची धुरा व्हासार कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या हॅली फ्लॅनगन यांच्याकडे सोपवली.

दहातली नऊ माणसं सरकारी मदतीच्या यादीतलीच घ्यायची, असा नियम होता. पैसा मुख्यतः पगारावर जायचा, नेपथ्य आणि कपडेपट उरल्यासुरल्यात. न्यूयॉर्कमध्ये नटाला आठवड्याला सुमारे २३ डॉलर मिळत. ऐन भरात १२,००० हून अधिक लोक कामावर होते: नट, सुतार, शिंपी, दिवे सांभाळणारे, सर्कसवाले, बाहुल्यांचे खेळ करणारे. जवळपास दोन तृतीयांश प्रयोग मोफत होते. यातले बरेच कलाकार सामान्य वकुबाचे होते, हे मला मान्य आहे. पण रस्त्यावर खडी टाकणाऱ्याला कामावर घेताना तो असामान्य आहे का, हे कोणी विचारत नव्हतं. नटालाच का विचारायचं?

आणि त्याच यादीतून हार्लेमचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला, शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ उभा राहिला. १४ एप्रिल १९३६, लाफायेट थिएटर. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स अवघा वीस वर्षांचा. नाटकातलं स्कॉटलंड हलवून त्याने हैतीसारख्या बेटावर नेलं, चेटकिणींच्या जागी वूडू (हैतीतला मंत्रतंत्राचा पंथ) आणि ढोल आणले. सगळे कलाकार कृष्णवर्णीय, त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी कधी शेक्सपिअर केला नव्हता. पहिल्या रात्री थिएटरबाहेर एवढी गर्दी झाली की रहदारी थांबली. नंतर हे नाटक देशात दौऱ्यावर गेलं. हे लोक शिध्याच्या रांगेत उभे राहिले असते तर त्यांचं पोट कदाचित भरलं असतं, पण हे काम त्यांच्या हातून कधीच झालं नसतं.

मात्र दुसरी बाजूही सांगते. पैसा देणारा हात नाटकात ढवळाढवळ करू लागला. इथिओपियावरच्या युद्धाचं ‘लिव्हिंग न्यूजपेपर’, म्हणजे ताज्या बातम्यांवर बेतलेलं नाटक, १९३६ च्या सुरुवातीलाच रोखलं गेलं आणि प्रकल्पाचे न्यूयॉर्कमधले प्रमुख एल्मर राइस राजीनामा देऊन बाहेर पडले. डिसेंबर १९३८ मध्ये कम्युनिस्ट कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे फ्लॅनगन यांची साक्ष झाली. त्यांच्या लेखात शेक्सपिअरच्या काळातला इंग्रज नाटककार मार्लो याचा उल्लेख होता. हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, असं एका सदस्याने विचारलं. मार्लोला जाऊन तीनशेहून अधिक वर्षं झाली होती! ३० जून १९३९ रोजी संसदेने पैसा तोडला आणि प्रकल्प संपला.

म्हणून माझं उत्तर: काम द्या, आणि कोणतं नाटक करायचं हे मंत्रालयाने ठरवू नये. आपल्याला हे नवं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर, गावात हातांना काम आणि कामाला मजुरी, हा हक्क महाराष्ट्रानेच रोजगार हमीच्या कायद्यात लिहिला. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना मानधन आहे, राज्य नाट्य स्पर्धा आहे. पण धडधाकट मेकअपमनला, नेपथ्य लावणाऱ्याला, पेटीवाल्याला बंदच्या काळात मजुरी मिळेल अशी तरतूद हवी. कामाला तोटा नाही: जिल्हा परिषदेच्या शाळांत बालनाट्यं बसवायची आहेत, तालुक्यांतल्या नाट्यगृहांची डागडुजी पडून आहे, म्हाताऱ्या नटांकडून जुन्या नाटकांच्या चाली ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या राहिल्या आहेत.