नाव नव्हते, तरीही

पणजीतील एका मराठी वृत्तसंकेतस्थळावर मी तेव्हा रात्रपाळीची उपसंपादक होते. साडेनऊच्या सुमारास तालुका वार्ताहराने एका अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराची बातमी पाठवली. संशयिताला अटक झाली होती आणि इतर संकेतस्थळांवर बातम्या झळकू लागल्या होत्या. मुलीचे नाव वार्ताहराने दिलेलेच नव्हते, म्हणून मी निर्धास्तपणे शुद्धलेखन पाहिले, शीर्षक बदलले आणि दहा मिनिटांत बातमी चढवली. वाचकांच्या मोबाइलवर तिची सूचनाही गेली.

पाऊण तासाने कार्यालयातील फोन वाजला. त्या भागातील एक वयस्क बाई बोलत होत्या. "बाये, नांव घालूंक ना तुमी, पूण वाचतकच कळ्ळें चेडूं कोणाचें तें," एवढेच त्या म्हणाल्या आणि बातमी काढण्याची विनंती करून त्यांनी फोन ठेवला.

मी बातमी पुन्हा उघडली. वाड्याचे नाव, वडिलांचा व्यवसाय, मुलीची इयत्ता, संशयित तिचा कोण लागतो हे सारे तिच्यात होते. पणजीत बसून वाचताना यातला एकेक तपशील निरुपद्रवी वाटतो. पण तीस-चाळीस घरांच्या वाड्यावर यांपैकी दोन एकत्र आले की नाव छापल्यासारखेच होते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे कलम 23 मला ठाऊक होते. मुलाची ओळख उघड करण्यास ते मनाई करते आणि त्यात नाव व छायाचित्राबरोबर पत्ता, कुटुंब, शाळा आणि परिसर यांचाही उल्लेख आहे. ओळख दूरान्वयानेही उघड होईल असे काही प्रसिद्ध करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात बजावले होते. गोव्यातच 2021 मध्ये म्हापसा सत्र न्यायालयाच्या एका निकालपत्रातील पीडितेची ओळख सांगणारे संदर्भ काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता, आणि ती बातमी मीच भाषांतरित केली होती. तरीही त्या रात्री मी मजकुरात फक्त नाव शोधले, याची खंत आजही वाटते.

बातमी उतरवली, पण तेवढ्याने ती गेली नाही. दुव्याच्या पत्त्यातच गावाचे नाव होते, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर पुढे गेलेल्या प्रत्येक दुव्यात ते वाचता येत होते. मोबाइलवर पोहोचलेली सूचना परत घेता येत नव्हती आणि शोधयंत्रात जुने शीर्षक तसेच दिसत राहिले. छापील अंकातील चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. आमची चूक दर तासाला नव्या हातात पडत होती.

सर्वांत कठीण प्रश्न संशयिताचा होता. त्याचे नाव दिले तर नाते गाळावे, नाते दिले तर नाव गाळावे, असा संकेत आहे. पण एका संकेतस्थळाने नाव आणि दुसऱ्याने नाते दिले, की वाचक दोन्ही जोडतो. इतरांनी नाव दिलेच होते. म्हणून आम्ही नाते, नाव आणि गाव तिन्ही गाळायचे ठरवले. वार्ताहर नाराज झाला. "ताई, मग बातमीत उरलं काय?" त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देताना मला आमच्या बातमीची उणीव नीट दिसली. तक्रार नोंदवायला किती वेळ लागला, मुलीची वैद्यकीय तपासणी कधी झाली, तिच्यासोबत समुपदेशक होती का, खटला पणजीच्या बाल न्यायालयात कधी जाणार, यांतले काहीच आम्ही विचारले नव्हते. आम्ही घराची माहिती गोळा केली आणि यंत्रणेची सोडून दिली.

मध्यरात्री सहा ओळींची नवी बातमी नव्या दुव्यावर चढवली. तिच्यात ठिकाण म्हणून फक्त जिल्हा होता. वार्ताहराने दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन यांतला पहिला, तक्रार नोंदवायला लागलेल्या वेळेचा प्रश्न विचारला आणि तेवढ्यावरच एक स्वतंत्र बातमी पाठवली. तपासताना तिच्यात वाड्याचे नाव कुठे राहिले आहे का, हे मी तीनदा पाहिले. ते नव्हते.