लाईन क्लिअर

मंगळवारी सातवीचा एक वर्ग येऊन गेला. आज शनिवार, तरी त्या वर्गातला एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही.

रत्नागिरीजवळच्या एका लहानशा रेल्वे संग्रहालयात मी शाळांचे गट सांभाळते. हाती दीड तास असतो. त्यातली पहिली पंधरा मिनिटं चपला, बाटल्या नि हजेरीत जातात आणि शेवटची पंधरा फोटोत. कोकण रेल्वे रोहा ते ठोकूर 741 किलोमीटर, 1990 साली कामाला सुरुवात, 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा 64 मीटर उंच पूल, हे सगळं मी फलकावर लिहूनच ठेवलंय. सर मंडळींना ते वहीत उतरवून घ्यायचं असतं. घेऊ देत. माझा वेळ गोळ्यासाठी राखलेला असतो.

गोळा म्हणजे नील्स बॉल टोकन, गाडीला पुढे जायची परवानगी म्हणून यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा. देशावरच्या एका जुन्या मार्गावरून यंत्रांची जोडी आमच्याकडे आली तेव्हा ती गंजून बंद पडली होती. सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी दोन पावसाळे खपून ती चालू केली. ती काचेआड ठेवावीत असं म्हणणारे आमच्यातही आहेत. मी ते होऊ देणार नाही, कारण हे यंत्र हाताने चालवल्याशिवाय कळत नाही.

एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, यासाठी केलेली ही युक्ती. दोन लगतच्या स्टेशनांत एकेक यंत्र, मध्ये तार. इकडच्या स्टेशन मास्तरने घंटी देऊन ‘गाडी सोडू का?’ विचारायचं, म्हणजे लाईन मागायची. तिकडच्याने कळ दाबून धरली तरच इकडची मूठ फिरते आणि लोखंडी गोळा खाली पडतो. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा. पिशवीला वेताची मोठी कडी असते, म्हणजे चालत्या गाडीतून हात घालून ती उचलता येते. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या टप्प्यात शिरायचं नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. तो पलीकडे पोचून यंत्रात पडला की मगच मार्ग मोकळा. शेजारच्या टप्प्याचे गोळे वेगळ्या घडणीचे, म्हणजे चुकून दुसऱ्या यंत्रात जायला नकोत. माणूस दमतो, विसरतो, घाई करतो, हे ज्याने हे यंत्र घडवलं त्याला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे रोहा ते वीर दुहेरी रूळ झाला 2021 साली, पण बाकी मार्ग बहुतेक एकेरीच आहे. त्यामुळे ‘क्रॉसिंग’, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत आपली स्टेशनात उभी राहणं, हा शब्द इथल्या पोरांना समजवावा लागत नाही. दिवा पॅसेंजरमध्ये तासभर ताटकळून त्यांना तो पाठ झालेला असतो.

त्या दिवशी बेचाळीस मुलं होती. बस पाऊण तास उशिरा आलेली, आणि दुपारी दुसरी शाळा यायची होती. त्यांतली दोन स्टेशन मास्तर झाली, दोन ड्रायव्हर, बाकी दोरीच्या दोन गाड्यांत डबे. पलीकडच्या यंत्रावर एक किडकिडीत मुलगा उभा राहिला. पाटीवर त्याने खडूने स्वतःच्या गावाचं नाव लिहिलं.

एक्स्प्रेस झालेल्या मुलीने विचारणा करायला सांगितली. घंटी वाजली. त्याने उलट घंटी दिली, म्हणजे त्याला ऐकू आलं होतं, पण कळ दाबून धरली नाही. मला वाटलं विसरला. जवळ जाऊन सांगितलं, “दाबून धर.”

“नाय देणार लाईन.”

“का रे?”

“ती आमच्याकडं थांबत नाय. क्रॉसिंगला उभी ऱ्हाते, पन उतरायचं नाय, चढायचं नाय. थांबनार आसंल तर देतो.”

मुलं हसली. तो हसला नाही. एक्स्प्रेसवाली मुलगी लांबूनच ओरडली, “अरे, आधी गोळा दे, मग बघू!” तो म्हणाला, “आधी सांग.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्यांचं त्यांनी काय ठरवलं असतं, मला ठाऊक नाही, पण वीस मिनिटं मी जे शिकवलं तेच तो करत होता. दुसऱ्याच्या संमतीशिवाय यंत्र हलत नाही, आणि त्याने संमती दिली नव्हती. पण सर मागून ओरडले, “ए शहाण्या, दाब ते!” (मुलाने प्रश्न विचारला की आवाज चढवणारे मास्तर मी फार पाहिले, आणि अजून मला त्यांना थांबवता येत नाही.) घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि मी कमरेची चावी काढली, इकडच्या यंत्राचं मागचं दार उघडलं, गोळा काढून त्या मुलीच्या हातात दिला. गाडी सुटली. टाळ्या पडल्या.

खऱ्या स्टेशनात त्या दाराला कुलूप नि सील असतं. एका बाजूला गोळे साठले, तर ते दुसरीकडे नेऊन टाकण्याचा अधिकारही नेमलेल्या माणसालाच. काकांनी चावी मला फक्त तेल घालण्यासाठी दिली होती.

गोळा पलीकडे आला तेव्हा त्याने तो नीट आत टाकला आणि गाडी पोचल्याची घंटी दिली. एकही टप्पा चुकवला नाही. मग बसकडे जाता जाता माझ्याजवळ थांबला.

“ताई, तुमी बोललात निघतच नाय.”

मी म्हटलं, “उशीर झाला होता रे.”

“म्हंजे चावी आसली की निघतो,” तो म्हणाला आणि रांगेत गेला.

आवाजात राग नव्हता. वहीत लिहून घेतल्यासारखं त्याने ते म्हटलं, तेच मला जास्त लागलंय. त्या बेचाळीस मुलांत उद्याचा एखादा स्टेशन मास्तर असेल, एखादा ट्रॅकमन असेल. सुरक्षेचं कुलूप वेळ वाचवायला उघडता येतं, हे त्यांनी माझ्या हातून पाहिलं.

गुरुवारी चावी काकांकडे परत दिली आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “त्याने घंटी बरोबर दिली का?” दिली, म्हटलं. “मग त्याला परत बोलव.”

काल शाळेला पत्र टाकलं आहे. त्याच वर्गाला, एक तास जास्त, फक्त गोळ्यासाठी.