लेव्हल टू, पण कशात?

मे-जून आला की डिप्लोमा, आयटीआय संपवलेल्या पोरांचे फोन सुरू होतात. कुडाळ, सावंतवाडी, पेडणे, कधी बेळगावहूनसुद्धा. परवा मावसबहिणीच्या मुलाने विचारलं, "मामा, पंधरा दिवसांत पाच मेथडची लेव्हल टू देतात म्हणे. करू का?" प्रश्न एनडीटीचा, म्हणजे वेल्ड न फोडता त्यातला दोष शोधण्याच्या कामाचा. मेथड म्हणजे तपासायची एक रीत, लेव्हल म्हणजे तपासणाऱ्याची पायरी. त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण या फीसाठी घरात दागिना गहाण पडलेला मी पाहिला आहे.

लेव्हल माणसाला नसते, मेथडला असते. डीपीटीत (रंगीत द्रव लावून वरच्या भेगा शोधणं) लेव्हल टू असलेला माणूस यूटीत (ध्वनिलहरी सोडून आतला दोष शोधणं) कोराच असू शकतो. एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकी शिफारस-पुस्तिकेमध्ये डीपीटीच्या लेव्हल वनला ४ तास आणि टूला ८ तास प्रशिक्षणाची शिफारस आहे. यूटीला प्रत्येकी ४० तास, आणि लेव्हल टूला त्याच मेथडमधला ६३० तासांचा अनुभव वर. हा अनुभव पंधरा दिवसांत कुठून येणार?

लेव्हल वनवाल्याने लेखी सूचनेबरहुकूम तपासायचं आणि नोंदवायचं. टूवाला यंत्र कॅलिब्रेट करतो, रिझल्टचा अर्थ लावतो, पास-फेल लिहून सही करतो. थ्रीवाला प्रोसिजर लिहितो आणि खालच्यांच्या परीक्षा घेतो. वेल्डिंग इन्स्पेक्टरची वाट आणखी वेगळी, सीएसडब्ल्यूआयपी किंवा सीडब्ल्यूआय या वेगळ्या सर्टिफिकेटांची. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी. आरटीत, म्हणजे किरणांनी वेल्डचा फोटो काढण्यात, बहुधा गॅमा सोर्स असतो (इरिडियमसारखा किरणोत्सारी पदार्थ), तिथे एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू. नुसत्या क्लासच्या कागदावर कुणी तुमच्या हातात इरिडियम देणार नाही.

खरी गोम पुढे आहे. एसएनटी-टीसी-१ए प्रमाणे सर्टिफिकेट देतो तो मालक, स्वतःच्या लेखी पद्धतीनुसार. क्लासवाला शिकवतो, परीक्षा घेतो. पण तुम्हाला कामावर उभं करायची जबाबदारी कंपनीची, आणि नोकरी सोडली की ते सर्टिफिकेट संपलं. नवी कंपनी तुमचे कागद तपासून नव्याने देईल. आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये सर्टिफिकेट स्वतंत्र संस्था देते, ते ५ वर्षं तुमच्याबरोबर फिरतं. तरी कामाची परवानगी मालकच देतो. जवळचं नीट दिसतं की नाही, ही तपासणी दोन्हीकडे दरवर्षी. जहाजाच्या यार्डात नौदलाचं काम असेल, तर यातलं काय चालेल ते ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं. अमेरिकी नौदलाचं तर एनडीटीसाठी स्वतःचं वेगळं पुस्तक आहे.

एवढी कडक शिस्त का, ते प्लेटवर बघा. यूटीचं उदाहरण. १२ मिलिमीटरची प्लेट, बट जॉइंट (दोन प्लेटा कडेला कड लावून जोडलेल्या), ७० अंशात ध्वनी सोडणारा प्रोब. स्पॅटर, म्हणजे वेल्डचे उडालेले थेंब, खरवडून काढलेला, प्रोबखाली ध्वनी आत जावा म्हणून कपलंटचा लेप लावलेला. प्रोब वेल्डच्या मध्यापासून साधारण ३३ मिलिमीटरवर आला की ध्वनीचा किरण रूटवर, म्हणजे वेल्डच्या तळाशी पोचतो आणि पडद्यावर ३५ मिलिमीटरच्या आसपास परतलेल्या ध्वनीचं टोक उभं राहतं. आता हे टोक चांगल्या, किंचित खाली उतरलेल्या रूट बीडचं (तळाला आलेला वेल्डचा उंचवटा), की रूट भरलेलीच नाही त्याचं? दोन्ही जवळपास एकाच जागी दिसतात. टोक ३५च्या थोडं पुढे गेलं आणि हिशेबाने मध्यरेषेपलीकडे पडलं, तर बहुधा बीड. मध्याच्या अलीकडे राहिलं, तर शंका घ्यायची. मग दुसऱ्या बाजूने फिरवायचं, पट्टीने अंतर मोजायचं आणि जमत असेल तर हेल्परला खालून ओलं बोट बीडवर दाबायला सांगायचं. टोक हललं तर ते बीडच. वर फोरमन घड्याळ बघत असतो, ग्राइंडरवाला थांबलेला असतो. अशा वेळी सहीमागे ६३० तास असले पाहिजेत.

नौदलाच्या जगात थ्रेशरचं नाव कुणी विसरत नाही. १० एप्रिल १९६३ रोजी ही अमेरिकी पाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली, १२९ माणसं गेली. इंजिन रूममधल्या पाइपचा चांदीने ब्रेझ केलेला, म्हणजे झाळलेला जॉइंट फुटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्याआधी यार्डात १४५ जॉइंट यूटीने तपासले होते आणि सुमारे १४ टक्के निकषाखाली निघाले होते. बाकीचे न तपासताच बोट समुद्रात गेली. त्याच वर्षाअखेर सबसेफ नावाची पाणबुड्यांच्या सुरक्षेची कडक पद्धत सुरू झाली. मला यातली सगळ्यात त्रास देणारी गोष्ट हीच वाटते, की यंत्राने दोष दाखवला होता.

आपल्याकडे गोवा शिपयार्ड १९५७ पासून आहे. तिथे बांधलेली त्रिपुट ही फ्रिगेट २०२४ मध्ये पाण्यात उतरली. झुआरीच्या काठाने बार्ज बांधणारे, दुरुस्त करणारे छोटे यार्डही आहेत. म्हणजे काम आहे, आणि ते गावाजवळ आहे.

भाच्याला म्हटलं, एकच मेथड घे. यूटी घे. क्लासला आधी विचार: तुमची परीक्षा कोण घेतं, त्या लेव्हल थ्रीचं सर्टिफिकेट यूटीचं आहे का, दाखवता का? प्रॅक्टिकलला खरा दोष असलेले वेल्डचे तुकडे किती आहेत? "किती आहेत" ला उत्तर टाळलं, तर फी भरू नकोस. आणि कामाला लागलास की तासांची वही ठेव: तारीख, मेथड, जॉइंट, तास, वरच्याची सही. सही त्याच आठवड्यात घ्यायची. नोकरी सोडताना मागायला गेलास तर ती मिळत नाही.