उताराची मजा, चढाची दोरी

गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी घरात एक फोटो हमखास असतो. भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट आणि लाकडी स्लेजवर पाय आखडून बसलेले काका. स्लेज ओढणारा दादा फोटोत बहुधा अर्धाच येतो. भुसभुशीत बर्फात पाय रुतवत, दोरी ओढत तो काकांना टेकाडावर नेतो आणि तिथून टाचांनी ब्रेक लावत खाली आणतो. चढ संपता संपत नाही. उतार मात्र काकूंनी मोबाइल सुरू करेपर्यंत संपलेला असतो. या कामाच्या भावात घासाघीस करणाऱ्यांच्या हाती एकदा ती दोरी द्यावी, असं माझं मत आहे.

पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर बर्फाचीही गरज नाही. मोंतेहून फुंशालच्या दिशेनं वेताच्या कोचासारख्या स्लेज चक्क रस्त्यावरून सोडतात, साधारण दोन किलोमीटर. गवती टोप्या घातलेले दोन गडी मागे उभे असतात. त्यांच्या बुटांचे रबरी तळवे हाच ब्रेक. खाली आल्यावर स्लेज ट्रकमधून वर जातात. ही व्यवस्था मला पटते.

एरवी स्लेजच्या वाट्याला मौज कमी, ओझंच जास्त. दक्षिण ध्रुवावर आधी पोचण्याच्या शर्यतीत नॉर्वेच्या आमुंडसेनच्या स्लेज कुत्र्यांनी ओढल्या आणि 14 डिसेंबर 1911 ला तो पोचला. ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार साथीदार स्वतःच खांद्याला पट्टे लावून स्लेज ओढत महिनाभरानं पोचले. परतीच्या वाटेवर थंडी इतकी वाढली की बर्फ वाळूसारखा झाला, स्लेज घसरेचना. पाचांपैकी एकही परत आला नाही. शेवटच्या मुक्कामी त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड सापडले. उपाशी माणसांनी ते शेवटपर्यंत ओढत आणले होते.

त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खडकांतही तिचेच ठसे मिळतात. भारत आणि अंटार्क्टिका कधीकाळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडात होते, या म्हणण्याला त्या ओझ्यानं मोठा आधार दिला. मी असतो तर पहिल्याच चढाला ते दगड खाली टाकले असते, आणि वर स्कॉटलाही चार शब्द सुनावले असते.