‘व्हल्नरेबल’ म्हणजे दुबळे नव्हेत

पीव्हीटीजी ही अक्षरं आता आमच्या रायगडातल्या कातकरवाड्यांवरच्या पोरांच्याही तोंडात बसली आहेत. पर्टिक्युलरली व्हल्नरेबल ट्रायबल ग्रुप, म्हणजे विशेष धोक्यात असलेला आदिवासी समूह. देशात असे ७५ समूह, त्यांपैकी महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. सरकारदरबारी हे आधी ‘आदिम’ होते. २००६ मध्ये इंग्रजीतून ‘प्रिमिटिव्ह’ गेलं आणि ‘व्हल्नरेबल’ आलं. भाषणांत मात्र त्याचं सर्रास ‘दुर्बल’, ‘कमकुवत’ होतं आणि मला ते मनापासून खटकतं.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वल्नस’ आहे, म्हणजे जखम. दुर्बल म्हटलं की उणीव त्या माणसातच शोधली जाते. जखम म्हटलं की वार कुठून होतो ते बघावं लागतं. इंग्रजीत या शब्दापाठोपाठ बहुतेकदा ‘टू’ येतो, तो त्यासाठीच. पुराला, कर्जाला, आजाराला. कशाचा धोका, ते बोलावंच लागतं.

भर पावसात ओढ्यातून हातानं चिंबोऱ्या काढणारी बाई दुबळी कशी? कडू कंद काय केल्यावर बाधत नाही हे तिला ठाऊक असतं, मला आजही नाही. खैरापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. जंगल सरकारजमा झालं, खैर तोडणं गुन्हा ठरलं आणि धंदा गेला. मग उरली मजुरी. पावसाळ्यात तीही मिळत नाही, तेव्हा वीटभट्टीवाल्याकडून उचल घ्यायची. दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जायचं, ते पुढच्या पावसाच्या तोंडाशी परतायचं. हिशेब मालकाच्या वहीत. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचा सौदा तिथंच ठरतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झालेली आहे.

त्याहून मोठा वार जमिनीचा. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. मालकानं जमीन फार्महाऊसवाल्याला विकली की कुंपण पडतं, आणि पाणवठ्याची वाट कुंपणापलीकडे राहते. याच समूहांसाठीची केंद्राची पीएम-जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात पक्की घरं आहेत, चांगलीच गोष्ट आहे. पण घरकुलाचा अर्ज भरायला बसलं की पहिला प्रश्न येतो, जागा कोणाच्या नावावर?

म्हणून मी प्रत्येक बैठकीत गावठाणाचाच, म्हणजे वाडीची जागा गावाच्या वस्तीच्या हद्दीत घेण्याचा, विषय काढते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तुमच्या गावालगत कातकरवाडी असेल तर तिचा सातबारा काढून बघा. नाव दुसऱ्याचं निघालं, तर वाडीतल्या लोकांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन, गावठाणाचा विषय ग्रामसभेत मांडा. ठराव लेखी घ्या आणि त्याची प्रत वाडीतच राहू द्या.