एर्फुर्टचे १९१७ सालचे पी०८ : खुणांच्या वाचनाची प्रगती

संग्रहात नव्याने दाखल झालेल्या ल्यूगर पिस्तुलावरील (जर्मन लष्करी नाव पी०८) ठशांचे वाचन आता जवळजवळ पूर्ण झाले असून, ज्यांना या विषयात रस आहे त्यांच्यासाठी ते येथे सविस्तर मांडत आहे. अमेरिकेत 'क्युरिओ अँड रेलिक', म्हणजे जुन्या व संग्राह्य शस्त्रांचा परवाना असलेल्या संग्राहकाला प्रत्येक खरेदी नोंदवहीत लिहावीच लागते. परंतु त्या नोंदीपुरते निर्माता, प्रकार, क्रमांक यांसारखे ढोबळ तपशील पुरतात, तर पिस्तुलाची खरी ओळख लहानसहान ठशांत दडलेली असते.

ह्यूगो बोरखार्टच्या १८९३ सालच्या अवजड पिस्तुलाला गेओर्ग ल्यूगरने आटोपशीर रूप दिले, ते स्वित्झर्लंडने १९०० साली आणि जर्मन भूदलाने १९०८ साली स्वीकारले, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. भूदलासाठीची पिस्तुले प्रथम बर्लिनची खासगी कंपनी डीडब्ल्यूएम बनवीत असे, तर १९११ पासून एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रागारातही उत्पादन सुरू झाले. माझे पिस्तूल याच एर्फुर्टचे आहे. टॉगलच्या, म्हणजे पिस्तुलाच्या माथ्यावरील गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याच्या, पुढच्या दुव्यावर मुकुट आणि त्याखाली शहराचे नाव स्पष्ट दिसते. डीडब्ल्यूएमची सफाई अधिक सुबक असते, हे मान्य. युद्धकाळातील एर्फुर्ट पिस्तुलांवर यंत्राच्या हत्याराचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. तरीही माझे मत एर्फुर्टच्याच बाजूचे आहे, कारण तेथील तपासनिसांनी बारीकसारीक भागांवरही मुकुट आणि गॉथिक अक्षराचा ठसा उमटवला आहे आणि वाचणाऱ्याला इतका ऐवज दुसरीकडे क्वचितच मिळतो.

भिंगाखाली नळीची खालची बाजू पाहिली असता पूर्ण क्रमांक, त्याखाली क्रमांकाला जोडलेले अक्षर आणि '८,८२' हा नळीच्या आतील व्यासाचा मिलिमीटरमधील आकडा आढळला. दरवर्षी क्रमांक एकपासून सुरू होत आणि दहा हजार झाल्यावर अक्षर लावून पुन्हा एकपासून मोजणी होई. त्यामुळे साल आणि अक्षर सोडून नुसता क्रमांक सांगण्याला काहीच अर्थ नसतो. सुट्या भागांवर शेवटचे दोन अंक असतात. चाप, सेफ्टीचा खटका, इतकेच नव्हे तर अक्रोडाच्या लाकडी मुठींची आतील बाजूही '३८' दाखवते. फक्त डावीकडील झाकणपट्टीवर '६४' आहे. तिच्यावरही एर्फुर्टचाच मुकुट असल्याने ती दुसऱ्या एर्फुर्ट पिस्तुलाची असावी आणि दुरुस्तीच्या वेळी बसवली गेली असावी, असा माझा तर्क आहे.

या तर्काला बळ देणारी खूण चेंबरवर, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसते त्या भागावर आहे. तेथे '१९१७' या सालासोबत '१९२०' असाही ठसा आहे. युद्धानंतर नि:शस्त्रीकरणाच्या धामधुमीत सरकारी मालकीची शस्त्रे ओळखू यावीत म्हणून हा दुसरा ठसा मारण्यात येत असे, म्हणजेच हे पिस्तूल पहिल्या महायुद्धानंतरही सरकारी वापरात राहिले होते. काही विक्रेते '१९२०' हे उत्पादनाचे साल म्हणून सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये.

पॉलिश करून नव्याने ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) केलेले नाही, याची खात्री अंकांच्या कडांवरून पटली. ठसा मारताना धातू बाजूला सरकून कडा किंचित उंच होतात आणि पॉलिशने त्या गोलसर होतात. येथे त्या अजून बोटाला जाणवतात. चापावरचा, धातू तापवून आणलेला गवती पिवळा रंग विरळ झाला आहे, पण नाहीसा झालेला नाही.

अडचण मॅगझिनची, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीची आहे. पिस्तुलासोबत आलेल्या मॅगझिनचा तळ ॲल्युमिनियमचा, अर्थात नंतरच्या काळातला आहे, तर १९१७ च्या पिस्तुलाला लाकडी तळाचे मॅगझिन हवे. त्यावर पिस्तुलाचाच क्रमांक असे आणि दुसऱ्या, राखीव मॅगझिनवर क्रमांकासोबत अधिक चिन्हही असे. लाकडी तळाचे एक मॅगझिन मिळाले आहे, परंतु क्रमांक अर्थातच वेगळा आहे. तो घासून '३८' चा क्रमांक मारून देण्याची तयारी एकाने दाखवली होती. तो प्रस्ताव मी नाकारला, कारण जुळत नसलेला खरा क्रमांक हा जुळवलेल्या खोट्या क्रमांकापेक्षा केव्हाही चांगला. आता शोध आहे तो त्याच काळातील चामडी होल्स्टरचा, ज्याच्या झाकणाच्या आतील बाजूस निर्मात्याचा आणि सालाचा ठसा वाचता येईल. अलीकडे पाहिलेल्या एका होल्स्टरची शिवण नवी होती आणि तरीही किंमत पिस्तुलाच्या निम्म्याहून अधिक सांगितली गेली, त्यामुळे तो व्यवहार सोडून दिला.